जुनी गाडी स्टार्ट होत नाहीये? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

जुनी गाडी स्टार्ट झाली नाही की आजूबाजूने सल्ले सुरू होतात. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो प्लग बदल, तिसरा कार्बोरेटर उघडायला निघतो, आणि हे सगळं करून झालं तरी गाडी आपली जागच्या जागी. सल्ले चुकीचे असतात असं नाही, पण ते सगळे अंदाज असतात, आणि अंदाजाने पार्ट बदलत बसलं की मूळ बिघाड तसाच राहतो, वर आपण खोलाखोली करताना नवीन दोन बिघाडांची भर पडते.

पेट्रोल इंजिनला चालू व्हायला चारच गोष्टी लागतात. पुरेशा वेगाने फिरणं, वेळेवर स्पार्क, हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात, आणि सिलेंडरमध्ये कॉम्प्रेशन. यातली कुठली नाहीये ते आधी शोधा, पाना नंतर हातात घ्या. खालचं सगळं मुख्यतः कार्बोरेटरवाल्या आणि सुरुवातीच्या काळातल्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे, डिझेलचं शेवटाकडे थोडक्यात दिलंय.

आधी तयारी

मल्टिमीटर हवाच, अगदी साधा चालेल. दुसरं म्हणजे टेस्ट लॅम्प, तो १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी जोडून घरीच होतो. प्लग पाना, फीलर गेज (बारीक गॅप मोजायच्या पट्ट्या), पॉलिश पेपर, टॉर्च, एक चांगला चालू असलेला जास्तीचा प्लग, आणि आत बसून सांगितल्याशिवाय किल्ली न फिरवणारा एक माणूस. हा शेवटचा आयटम मिळणं सगळ्यात अवघड.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. सैल बाह्या, लटकणारी चेन, ओढणी फॅन बेल्टपासून लांब. पेट्रोलचं काम करताना जवळ आग विझवायचा सिलेंडर ठेवा आणि सिगरेट वगैरे अजिबात नाही, बॅटरीजवळ पण नाही कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेटतो. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये निदान अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर तपासता तपासता सेल्फच जळायचा.

पहिला प्रश्न: सेल्फ फिरतोय का?

"गाडी चालू होत नाही" या एका वाक्यात दोन पूर्ण वेगळे आजार लपलेले असतात. एक, किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतच नाही. दोन, इंजिन छान फिरतंय पण उचलत नाही. पहिल्यात प्लग आणि कार्बोरेटर बघण्यात काही अर्थ नाही, तिथे बॅटरी, वायरिंग आणि सेल्फ एवढंच बघायचं. दुसऱ्यात बॅटरी बदलून फायदा नाही (एक अपवाद आहे, सेल्फ अगदी रडत रडत फिरत असेल तर त्याला पहिल्याच गटात धरा, कारण सेल्फ जास्त करंट ओढतो आणि कॉइलला, म्हणजे स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला, पुरेसा व्होल्टेज उरत नाही, मग स्पार्क पण कमजोर पडतो).

सेल्फ फिरत नाही किंवा नुसता टक टक करतो

हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवायला सांगा. लाइट एकदम विझले किंवा पार मंद झाले तर बॅटरी उतरलीये किंवा टर्मिनलला कनेक्शन धड नाहीये. लाइट तसेच झगझगीत राहिले आणि काहीच आवाज नाही, म्हणजे सेल्फपर्यंत किल्लीचा हुकूमच पोचत नाहीये. लाइट थोडे मंद होऊन एकच जोरात "टक" आला तर सोलेनॉइड (सेल्फला मोठा करंट जोडणारा स्विच), सेल्फ किंवा खुद्द इंजिन जाम. आणि पटापट टक टक टक टक आलं तर दहातल्या नऊ वेळा बॅटरी कमजोर नाहीतर टर्मिनल सैल.

आता मीटर लावा. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आत्ताच चार्जरवरून काढली असेल तर आकडा खोटा जास्त दिसतो, दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि मग मोजा. पण नुसता उभ्या बॅटरीचा आकडा बघून समाधान मानू नका, खरी परीक्षा लोडवर होते. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंटांवरचा व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ६ वर आली तर ती बॅटरी संपलीये.

बॅटरी चांगली निघाली तरी टर्मिनल सोडून बघा. वरून चकाचक दिसतं आणि आत खुंट आणि क्लॅम्पच्या मध्ये काळपट थर बसलेला असतो. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा, मग पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चमकवा. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

यानंतरची टेस्ट फार कमी लोक करतात, आणि माझ्या मते जुन्या गाडीसाठी सगळ्यात कामाची तीच आहे, व्होल्टेज ड्रॉप. वीस-तीस वर्षांच्या केबल आतून गंजलेल्या असतात आणि वरून काही कळत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नाही, खुंटावरच) आणि काळं टोक सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. गाडी चालू होऊ नये म्हणून कॉइलची पॉझिटिव्ह वायर काढून ठेवा आणि मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. मारत असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या केबलमध्ये किंवा तिच्या जोडात करंट अडतोय. मग अर्थिंगची बाजू, एक टोक निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, तिथे ०.२ च्या आसपास किंवा कमीच हवं. जास्त आलं तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी बघा. ती तुटलेली असली की सेल्फचा करंट भलत्याच वाटेने परत यायला बघतो, कधी चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, आणि ती केबल चक्क गरम होते, धूर पण येतो. केबल गरम लागली तर तिथेच थांबा आणि आधी अर्थ नीट करा.

केबल, बॅटरी ठीक आणि तरी सेल्फ मूक? सोलेनॉइडवर येणारी बारीक वायर शोधा, टेस्ट लॅम्पचं एक टोक तिला, दुसरं अर्थला, किल्ली स्टार्टवर फिरवा. लॅम्प लागला नाही तर बिघाड मागे आहे, फ्यूज, रिले, इग्निशन स्विच, आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा न्यूट्रल स्विच (लिव्हर पार्कऐवजी न्यूट्रलला टाकून बघा, बरेचदा तेवढ्यानेच चालू होते). लॅम्प चांगला लागला तर सोलेनॉइड किंवा सेल्फ खराब. किल्ली धरून ठेवलेली असताना सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका, फिरला तर आतले कार्बन ब्रश झिजलेत. हा इलाज घरी पोचण्यापुरता आहे, सेल्फ खोलायचाच आहे. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवायचा उद्योग बरेच जण करतात, मी नाही सांगणार, गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती सरळ तुमच्या अंगावर येते.

सेल्फ "सूंऽऽ" करून नुसताच फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचा इंजिनला पकडणारा गिअर) अडकलाय किंवा फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे दात त्या जागी झिजलेत. इंजिन बंद, किल्ली काढून, गाडी टॉप गिअरला टाकून थोडी पुढे-मागे हलवा, रिंगची जागा बदलते. त्यानंतर पकडलं तर रिंग बघावी लागेल.

एक जड "धप्प" आणि पुढे काहीच नाही, असं असेल तर जबरदस्ती करू नका. प्लग सगळे काढा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने फिरवून बघा. प्लग काढल्यावर सहज फिरलं आणि भोकांतून पाणी किंवा पेट्रोल उडालं तर सिलेंडरमध्ये द्रव भरला होता. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे अशा गाडीला धक्का मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीला ओढून चालू करायचं नाही ते यासाठीच.

सेल्फ मस्त फिरतो, पण इंजिन उचलत नाही

टूल उचलायच्या आधी नुसतं ऐका. निरोगी इंजिन फिरताना "हं-हं-हं-हं" असा दमदार ठेका येतो, प्रत्येक सिलेंडर दाबताना थोडं अडतं. ठेका गेला आणि नेहमीपेक्षा जोरात, सुळसुळीत घुर्र असं फिरायला लागलं तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा दाट संशय. लगेच सेल्फ बंद करा, कारण काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि वाकवतो, आणि तुम्ही जितकं फिरवाल तितकं नुकसान वाढतं. खात्री करायला डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या डब्याची) कॅप काढा आणि एकदाच क्षणभर सेल्फ मारायला लावून आतला रोटर फिरतोय का बघा, किंवा ऑइल टाकायचं झाकण काढून आत रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) हलतात का बघा.

मग क्षुल्लक गोष्टी, ज्या बघायला लोकांना लाज वाटते. टाकीत पेट्रोल खरंच आहे का? जुन्या गेजचा काटा सर्रास खोटं बोलतो. कोणी चोरीच्या भीतीने डॅशखाली लपवलेला कट-ऑफ स्विच आहे का? नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गाडी असेल तर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का, म्हणजे इमोबिलायझर किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली लावा. गाडी महिनोन्महिने उभी होती तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर आणि सायलेन्सरच्या तोंडात चिंधी, हे दोन्ही बघा. इंजिनला श्वास घेता आणि सोडता आला पाहिजे.

आता सेल्फ थोडा वेळ मारून झाल्यावर लगेच एक प्लग काढा. टोक पेट्रोलने ओलं आणि वास येतोय, म्हणजे पेट्रोल पोचतंय, बहुतेक स्पार्क नाहीये, किंवा ओव्हरफ्लो झालंय. कोरडा ठणठणीत, म्हणजे पेट्रोलच येत नाहीये. काळी भुकटी म्हणजे मिश्रण जास्त दाट, चोक अडकलाय का बघा. तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, ते आजचं काम नाही. एवढ्या एका प्लगने अर्धं काम कमी होतं.

स्पार्क

तो जास्तीचा प्लग घ्या, प्लगच्या वायरला लावा, प्लगची धातूची बॉडी जम्पर वायरने इंजिनला नीट अर्थ करा आणि हात लांब ठेवून सेल्फ मारायला लावा. काढलेल्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, त्यामुळे ठिणगी त्या भोकापासून लांब उडाली पाहिजे, किंवा तो प्लग परत बसवून मगच टेस्ट करा. निळसर-पांढरा, जाड, "चट्" आवाज करणारा स्पार्क चांगला. पिवळा, बारीक, कधी येतो कधी नाही असा असेल तर तो नसल्यासारखाच धरा, कारण उघड्यावर उडणं सोपं असतं, सिलेंडरमधल्या दाबाखाली उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, मोड्यूल (स्पार्क सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडू शकतं. आणि हातात वायर धरून बघायचा पराक्रम कुठल्याच गाडीत नको, तिथे हजारो व्होल्ट असतात.

एकाही प्लगला स्पार्क नाही? मग कॅपच्या मधल्या जाड वायरवर, म्हणजे कॉइलमधून येणाऱ्या, तीच टेस्ट करा. तिथे जोरदार स्पार्क आहे पण प्लगला नाही, तर चोर कॅप किंवा रोटर आहे. कॅपच्या आत टॉर्च मारून केसासारखी काळी रेघ दिसते का बघा, ती भेग असते आणि करंट तिच्यातून पळतो. मधला छोटा कार्बनचा खुंट स्प्रिंगवर नाचला पाहिजे, बरेचदा तो झिजून गायबच झालेला असतो. ओल आली असेल तर सुक्या कापडाने पुसून थोडं ऊन दाखवा. पावसाळ्यात सकाळी चालू न होणाऱ्या आणि दुपारी आपोआप बऱ्या होणाऱ्या गाड्यांचं दुखणं बहुतेक हेच. रात्री अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारला तर वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात, त्या वायरी बदला.

कॉइलच्या वायरवर पण स्पार्क नाही, तर मागे चला. किल्ली ऑनवर, मीटरने कॉइलच्या पॉझिटिव्हवर व्होल्टेज बघा. काहीच नाही म्हणजे इग्निशन स्विच, फ्यूज किंवा वायर. १२ च्या आसपास, ठीक. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) मिटलेले असताना ६ ते ९ दिसलं तर घाबरू नका, बऱ्याच जुन्या गाड्यांत मध्ये बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ मारताना तो बायपास होतो आणि किल्ली सोडली की लाइनीत येतो. म्हणून ज्या गाडीचं इंजिन सेल्फ मारताना पकडतं आणि किल्ली सोडल्याच्या क्षणी गप्प होतं, तिचा बॅलास्ट तुटलेला असतो. इतकं नेमकं लक्षण फार कमी बिघाडांना असतं, आणि तरी लोक यात कार्बोरेटर खोलतात.

पुढे टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं कॉइलच्या निगेटिव्हला लावा, सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला पाहिजे, पॉइंट मिटले की लागतो, उघडले की विझतो. लागतच नाही तर पॉइंटवर घाण, तेल किंवा जळका थर आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी अर्थची वायर तुटली आहे. सतत लागलेलाच राहतो तर पॉइंट उघडतच नाहीयेत किंवा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा डबा) शॉर्ट आहे. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजत जाते आणि गॅप हळूहळू कमी होत एक दिवस शून्यावर येतो, त्यामुळे कालपर्यंत चालणारी गाडी आज अचानक मेल्यासारखी वाटते. रोटरचा शाफ्ट फिरवून पॉइंट पूर्ण उघडे करा, गॅप साधारण ०.४ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. पॉलिश पेपरचा पातळ तुकडा मध्ये धरून दोन-चार वेळा ओढा, मग स्वच्छ कागद ओढून भुकटी काढा. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असेल, किंवा सेल्फ मारताना पॉइंटमध्येच मोठी पिवळी ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सर बदला, तो स्वस्त असतो. आणि हे सगळं करताना किल्ली उगाच ऑनवर ठेवून देऊ नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून जाते.

कॉइल मीटरने मोजायची तर दोन्ही बारीक वायरी काढून, पॉझिटिव्ह ते निगेटिव्ह साधारण ३ ओहम (बॅलास्टवाल्या कॉइलला १.५ च्या आसपास), आणि पॉझिटिव्ह ते मधलं भोक काही हजार ओहम. ओपन दाखवलं तर गेली. पण आकडे बरोबर आले म्हणून चांगलीच असेल असं नाही, काही कॉइल थंड असताना पास होतात आणि गरम झाल्या की माघार घेतात.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये पॉइंटऐवजी पिकअप कॉइल किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारे) आणि मोड्यूल. तिथे एक फुकटची खूण, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडासा तरी हलतो का बघा. मुळीच हलत नसेल आणि स्पार्क पण नसेल तर आधी सेन्सर आणि त्याचा कनेक्टर धरा. मोड्यूल सगळ्यात शेवटी, कारण महाग असतं आणि बहुतेक वेळा त्याची चूक नसते.

स्पार्क चांगला आहे पण कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके येतात? कोणी नुकतंच काम केलं असेल तर प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्यात. बहुतेक चार सिलेंडरच्या गाड्यांत फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असते, रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते बघून त्या दिशेने लावत जा. वायरी बरोबर असतील तर डिस्ट्रिब्युटर सैल होऊन फिरलाय किंवा बेल्टचे दात घसरलेत.

पेट्रोल, कार्बोरेटरवाल्या गाडीत

एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि हाताने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली म्हणजे फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे. नाही उडाली तर वाटी कोरडी (किंवा ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम फाटलाय). बरेच दिवस उभ्या गाडीत वाटीतलं पेट्रोल उडून जातं, आणि एसी पंप (इंजिनवर चालणारा पेट्रोल पंप) तर इंजिन फिरल्यावरच काम करतो, म्हणून अशा गाडीला थांबून थांबून बराच सेल्फ लागतो, तो बिघाड नाही.

तरी येत नसेल तर कॉइलची वायर काढून ठेवा, कार्बोरेटरला येणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारायला लावा, इंजिन पूर्ण थंड असतानाच. ठेक्यात जोरदार पेट्रोल आलं तर पंप ठीक, मग नीडल व्हॉल्व्ह (वाटीत पेट्रोल सोडणारा-अडवणारा) बंद अवस्थेत चिकटलाय, वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून बघा. आलं नाही तर फिल्टर, मग पंपाचा डायफ्राम, मग टाकीपासूनचा रबरी पाइप. या पाइपाची गंमत अशी की ओढणाऱ्या बाजूला बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, पंप तिथून हवा ओढत बसतो, आणि बाहेरून सगळं कोरडं, ठीकठाक दिसतं. टाकीचं झाकण उघडल्यावर "फुस्स" आवाज येऊन गाडी बरी होत असेल तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

उलट प्रकार म्हणजे ओव्हरफ्लो. सगळीकडे पेट्रोलचा वास, प्लग ओले. अशा वेळी ॲक्सिलरेटर पंप मारत बसू नका, प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल पडतं. चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरून ठेवा आणि सेल्फ मारा, जास्तीची हवा येऊन ते कोरडं होतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर नीडलखाली कचरा आहे किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडतोय.

चोक थंड इंजिनला बंद झाला पाहिजे आणि गरम झाल्यावर पूर्ण उघडला पाहिजे, हे कार्बोरेटरच्या तोंडातल्या चोकच्या झडपेकडे नजरेने बघा, डॅशवरचा नॉब ओढला म्हणजे झडप हलतेच असं नाही. पेट्रोल अनेक महिने जुनं असेल, वार्निशसारखा वास येत असेल, तर ते काढून ताजं भरा. लवकर पेट घेणारा भाग उडून गेलेला असतो, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर त्यात पाणी पण ओढलेलं असतं.

इंजेक्शनवाल्या गाडीत

किल्ली ऑन केली की मागून, टाकीकडून, साधारण दोन सेकंद पंपाचा आवाज येतो (काही जुन्या सिस्टिममध्ये फक्त सेल्फ मारतानाच येतो). आवाज नाही तर फ्यूज, मग रिले, शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून बघा. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विच असतो, तो दाबून रिसेट होतो. आवाज येतोय पण प्रेशर नाही असंही होतं, मल्टिपॉइंटला साधारण २.५ ते ३.५ बार हवं, सिंगल पॉइंटला एकच्या आसपास. लाइनमध्ये बंद गाडीत पण प्रेशर असतं, पाइप सोडताना कापड गुंडाळा.

चेक इंजिनचा दिवा ऑनवर लागतच नसेल (आणि बल्ब शाबूत असेल) तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) पॉवरच नाहीये, मेन रिले आणि अर्थ बघा. थंडीत नाही, गरमीत पण नाही, आणि प्लग सारखे काळे-ओले, तर पाण्याच्या टेंपरेचर सेन्सरचा कनेक्टर बघा. तो सुटला की ईसीयूला वाटतं बाहेर बर्फ पडतोय आणि ते पेट्रोल ओतत राहतं.

कॉम्प्रेशन

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी नाही, तेव्हाच इथे या. सगळे प्लग काढा, कॉइलची वायर काढा, आणि इंजेक्शन असेल तर पंपाचा फ्यूज पण काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, गेज लावून काटा थांबेपर्यंत सेल्फ मारा. चांगल्या पेट्रोल इंजिनला साधारण ९ ते १२ बार येतं, ७ च्या खाली थंड इंजिन पकडायला कुरकुर करतं. आकड्यापेक्षा सिलेंडरमधला फरक महत्त्वाचा. शेजारचे दोन कमी तर हेड गॅस्केट. एकच कमी तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. सगळेच कमी तर बेल्ट घसरलाय, किंवा ओव्हरफ्लोमुळे सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन गेलंय. हे दुसरं असेल तर प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं थोडं ऑइल टाकून बऱ्याच "मेलेल्या" गाड्या पुन्हा उठतात, धूर मात्र भरपूर येतो सुरुवातीला.

थंड चालू होते, गरम होत नाही

रस्त्यात बंद पडली, अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली. यात बंद असतानाच तपासावं लागतं, गार झाल्यावर सगळं चांगलंच दिसतं. तिथल्या तिथे स्पार्क बघा. नाही तर कॉइल, मोड्यूल किंवा क्रँक सेन्सर, त्यावर गार पाणी भिजवलेलं फडकं ठेवून (कनेक्टर सांभाळून) परत बघा. स्पार्क आहे तर पेट्रोलच्या पाइपात वाफ धरली असेल, पंप आणि पाइप गार करा आणि पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधा. सेल्फच जड फिरत असेल तर उष्णतेने सेल्फ अडतोय.

डिझेल

इथे स्पार्क नाही, त्यामुळे तीनच गोष्टी: फिरायचा वेग, डिझेल, कॉम्प्रेशन. थंड असताना त्रास देत असेल तर हीटर प्लग (सुरुवातीला सिलेंडर गरम करणारे), एकेक सुटा करून मीटरने मोजा, चांगला साधारण १ ओहमच्या आसपास दाखवतो, ओपन म्हणजे जळाला. डिझेल येत नसेल तर आधी पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर, किल्ली ऑन केल्यावर तिथे १२ व्होल्ट आणि एक "टक" हवा. मग एअर. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी रिकामी झाल्यावर लाइन एअर घेते, हँड पंप मारत ब्लीड स्क्रू (लाइनीतली हवा काढायचा) सैल करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत मारत राहा. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात नको, तो कातडीतून आत शिरतो. हीटर प्लगवाल्या डिझेलमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आत स्फोट होऊन पिस्टन फुटतात.

चालू झाली, मग?

लगेच बंद करू नका. मीटर बॅटरीवर लावा, इंजिन थोडं रेस करून १३.८ ते १४.४ च्या आसपास आलं पाहिजे. १२.५ वरच अडकलं असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, बेल्ट सैल आहे का ते आधी बघा, आणि ते होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर, तो बॅटरी उकळवून टाकेल.